स्पेनचा कला, संगीत आणि खाद्यसंस्कृती दौरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दौऱ्याची माहिती घेण्यासाठी येणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. नाव नोंदवण्यापूर्वी ती सवडीने वाचावीत. शाकाहारी जेवणाबद्दलची आणि ग्रानादातील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या तिकिटांबद्दलची उत्तरे तर अवश्य वाचावीत.

हा दौरा नेहमीच्या युरोप सहलीपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा आहे?

नेहमीच्या सहलीत स्पेनच्या वाट्याला माद्रिद आणि बार्सिलोना मिळून तीन-चार दिवस येतात आणि त्यांतला बराचसा वेळ बसमध्येच जातो. या दौऱ्यात आपण फक्त स्पेनमध्ये राहतो आणि मुक्कामाची शहरेही मोजकीच ठेवतो : माद्रिद, सेव्हिल, ग्रानादा आणि बार्सिलोना. तोलेदो माद्रिदहून एका दिवसात पाहून होते आणि कोर्दोबा सेव्हिलला जाताना वाटेत लागते. एका दिवशी एकच मोठे संग्रहालय किंवा वास्तू, दुपारी सावकाश जेवण, मग विश्रांती आणि संध्याकाळी संगीत किंवा मोकळा वेळ, अशी साधारण आखणी असते. जास्तीत जास्त ठिकाणे ‘करून’ यावीत अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांना हा दौरा संथ वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे.

बिल्बाओचे गुगेनहाइम आणि फिगेरेसचे चित्रकार दालीचे संग्रहालय कार्यक्रमात का नाही?

दोन्ही पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. १९९७ साली उघडलेल्या गुगेनहाइमने बिल्बाओ या कळकट औद्योगिक शहराचे नशीब पालटले, आणि दालीने स्वतः सजवलेले फिगेरेसचे संग्रहालय ही त्याची एक कलाकृतीच आहे. परंतु बिल्बाओ उत्तरेला आहे आणि आपला मार्ग दक्षिणेचा आहे. दोन्ही टोके जुळवायची तर निम्मा दौरा प्रवासात जाईल. फिगेरेस मात्र बार्सिलोनाहून वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत येते, त्यामुळे तेथील मोकळ्या दिवशी ज्यांना जायचे असेल त्यांना आम्ही तिकिटे काढण्यास मदत करतो.

कोणत्या महिन्यात जाणे चांगले?

एप्रिलचा उत्तरार्ध ते मेअखेर, किंवा सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कोर्दोबा येथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारच्या वेळी स्थानिक माणूसही रस्त्यावर दिसत नाही. मे महिन्याच्या पूर्वार्धात कोर्दोबामध्ये घरांच्या आतील अंगणांचा उत्सव असतो. एरवी बंद असलेले वाड्यांचे दरवाजे त्या दिवसांत उघडे असतात आणि पांढऱ्या भिंतींवर जिरेनियमच्या कुंड्या ओळीने टांगलेल्या दिसतात. युनेस्कोने २०१२ साली या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. संगीतासाठीच जायचे असेल तर सम वर्षांच्या सप्टेंबरात सेव्हिलला भरणारा फ्लामेंको या गायन-नृत्यप्रकाराचा द्वैवार्षिक महोत्सव लक्षात ठेवावा. तो १९८० पासून चालत आला आहे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात आम्ही मुद्दाम दौरा ठेवत नाही. त्या मिरवणुका आणि गच्चीतून अचानक उठणारी, कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गायिली जाणारी ‘साएता’ ही भक्तिगीते ऐकण्यासारखी असते हे खरे, पण जुन्या शहरातील रस्ते तासन्‌तास बंद राहतात आणि हॉटेलांचे दर भरमसाट वाढतात. गट घेऊन त्या गर्दीत फिरणे हे गटासाठीही गैरसोयीचे आणि श्रद्धेने आलेल्या स्थानिकांसाठीही त्रासाचे ठरते.

चित्रकलेचे काहीच ज्ञान नसेल तर संग्रहालयात कंटाळा येणार नाही का?

कंटाळा येतो तो ज्ञान नसल्यामुळे नव्हे, तर एका फेरीत दोनशे चित्रे पाहण्याचा प्रयत्न केल्यामुळे येतो. प्रादो संग्रहालय १८१९ साली उघडले आणि त्याचा गाभा म्हणजे स्पेनच्या राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला संग्रह. तो सगळा पाहायचा म्हटले तर आठवडाही पुरणार नाही. आम्ही तेथे मोजकीच चित्रे निवडतो आणि प्रत्येकासमोर निवांत थांबतो.

उदाहरणार्थ, व्हेलास्केझचे १६५६ मधील ‘लास मेनिनास’. तीन मीटरहून अधिक उंचीच्या या चित्रात छोटी राजकन्या, तिच्या सख्या, कुत्रा आणि भल्यामोठ्या कॅनव्हाससमोर उभा असलेला खुद्द चित्रकार दिसतो. राजा-राणी दिसतात ते फक्त मागच्या भिंतीवरील आरशात, आणि त्यामुळे आपण जेथे उभे आहोत तेथेच ते उभे असावेत असा भास होतो. आधी दालनाच्या दुसऱ्या टोकाहून राजकन्येच्या बाहीकडे पाहावे. रेशीम आणि लेस स्पष्ट दिसते. मग जवळ जावे. तेथे लेस नाहीच, करड्या-पांढऱ्या रंगाचे काही झटपट फटकारे तेवढे आहेत. हे पुढे-मागे होणे दोन-तीनदा केले की व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही.

गोयाची ‘काळी चित्रे’ ही आमची दुसरी निवड. आजारपणात बहिरेपण आलेल्या गोयाने उतारवयात माद्रिदबाहेरील आपल्या घराच्या भिंतींवर ही १४ चित्रे रंगवली. कोणी ती मागितलेली नव्हती आणि त्याने ती विकायलाही काढली नाहीत. पुढे १८७० च्या दशकात ती भिंतींवरून काढून कॅनव्हासवर चढवण्यात आली. त्यांतले सर्वांत साधे चित्र म्हणजे मातकट रंगाच्या उतारामागून वर पाहणारे एका कुत्र्याचे डोके, बाकी सारी पोकळी. ज्यांना भयंकर दृश्ये पाहवत नाहीत त्यांनी शेजारचा मुलाला खाणारा सॅटर्न टाळावा, पण या कुत्र्यासमोर थोडे थांबावे.

संध्याकाळी शेवटचे दोन तास प्रादोमध्ये प्रवेश विनामूल्य असतो, मग तिकिटे कशाला, असेही विचारले जाते. त्या वेळी बाहेर लांबच लांब रांग लागते आणि आत धावपळ होते. वाचलेल्या पैशांपेक्षा गमावलेला वेळ महाग पडतो.

पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र पाहायला मिळते का?

होय, माद्रिदमधील रेइना सोफिया संग्रहालयात. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून माद्रिदच्या मुक्कामाचे वार तो दिवस वगळूनच ठरवले जातात. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रदेशातील गेर्निका गावावर बॉम्बहल्ला केला. त्या वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी पिकासोकडे आधीच एका चित्राची मागणी होती. त्याने या घटनेवर सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असे केवळ काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांचे चित्र काढले. स्पेनमध्ये नागरी स्वातंत्र्य परत येईपर्यंत चित्र तेथे जाऊ नये अशी त्याची अट होती. त्यामुळे ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात राहिले आणि पिकासो व फ्रँको दोघेही गेल्यानंतर १९८१ साली माद्रिदला आले. बाजूच्या दालनांतील रेखाटने आणि चित्र घडत असताना छायाचित्रकार दोरा मार हिने काढलेली छायाचित्रे आधी पाहावीत असा आमचा आग्रह असतो, कारण मुख्य चित्रासमोर गेल्यावर मागे वळून पाहायला कोणी तयार होत नाही.

संग्रहालयांत छायाचित्रे काढता येतात का?

प्रादोमध्ये अजिबात नाही, मोबाइलवरही नाही. ‘गेर्निका’समोर ती बंदी होती, पण २०२३ पासून फ्लॅश आणि स्टँड न वापरता छायाचित्र घेता येते. इतर ठिकाणचे नियम प्रवेशद्वाराशी लिहिलेले असतात आणि रक्षक ते काटेकोरपणे पाळून घेतात.

तोलेदोला एवढे महत्त्व कशासाठी?

मुख्यतः एका चित्रासाठी. क्रीट बेटावर जन्मलेला एल ग्रेको तोलेदोत स्थायिक झाला आणि १६१४ साली तेथेच वारला. सान्तो तोमे या छोट्या चर्चमध्ये त्याचे ‘काउंट ओर्गाझचे दफन’ हे १५८० च्या दशकात काढलेले चित्र, ज्या थडग्यासाठी काढले तेथेच आजही आहे. खाली काळ्या पोशाखातील मान्यवरांची रांग, वर ढगांतून उघडणारा स्वर्ग आणि दोन्हींच्या मध्ये चित्रकाराच्या लहान मुलाचे बोट नेमके काय दाखवते आहे, हे चित्र त्याच्या जागी पाहिल्यावर अधिक उमगते. गाव डोंगरावर आहे आणि रस्ते दगडी व चढाचे आहेत, परंतु खालच्या वाहनतळापासून वर जाण्यासाठी सरकते जिने आहेत.

अल्हाम्ब्रासाठी पारपत्राचा तपशील इतक्या आधी का मागितला जातो?

कारण तिकीट नावाने आणि पारपत्र क्रमांकाने निघते. ग्रानादाच्या टेकडीवरील या राजवाड्यात नासरी सुलतानांच्या महालांसाठी ठरावीक वेळेचा प्रवेश असतो; ती वेळ चुकली तर बागा आणि किल्ला पाहता येतो, महाल मात्र राहून जातात. दिवसाची प्रवेशसंख्या मर्यादित असल्याने हंगामात तिकिटे बरीच आधी संपतात. म्हणूनच शेवटच्या क्षणी नाव नोंदवणाऱ्यांना आम्ही नकार देतो. त्या दिवशी मूळ पारपत्र खिशात असणे आवश्यक आहे.

आत गेल्यावर मान वर करून छताकडे पाहणे सर्वांना सुचते, पण भिंतीही वाचण्यासाठीच आहेत : नक्षी म्हणून जे दिसते त्यात इब्न झमरकसारख्या दरबारी कवींच्या ओळी कोरलेल्या आहेत. सिंहांच्या अंगणातील कारंज्यावरील कविता त्याचीच, आणि त्या कारंज्याचे वर्णन त्याने कारंज्यावरच केले आहे.

फ्लामेंकोचा कार्यक्रम पर्यटकांसाठी रचलेला असतो की खरा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा ठिपक्यांचा झगा, हातात कास्टनेट्स आणि जेवणाच्या ताटांचा खणखणाट आठवत असतो. तसे कार्यक्रम असतात आणि आम्ही ते टाळतो. आम्ही सेव्हिलमध्ये लहान जागेतील, ध्वनिवर्धकाशिवाय होणारा आणि जेवणाची सोय नसलेला कार्यक्रम निवडतो. ग्रानादात साक्रोमोन्तेच्या टेकडीवरील गुहांमध्ये रोमानी (जिप्सी) कुटुंबांनी जपलेली ‘सांब्रा’ ही नृत्याची परंपरा आहे. तेथे पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी पाय आत घ्यावेत, कारण नर्तकी अगदी हातभर अंतरावर असते.

फ्लामेंकोचा मूळ आधार नृत्य नसून गायन आहे, ही गोष्ट आधीच लक्षात घेतली तर कार्यक्रम वेगळा ऐकू येतो. गायक, गिटारवादक आणि नर्तक यांच्याखेरीज एक-दोन जण फक्त टाळ्या वाजवण्यासाठी बसलेले असतात. त्यांचे हात नीट पाहावेत : गायन चालू असताना तळवे खोलगट करून दबक्या आवाजाच्या टाळ्या, आणि पायांचे काम सुरू झाले की बोटे तळव्यावर आपटून कडक, टणत्कारी टाळ्या. प्रेक्षकांनी टाळ्यांचा ठेका धरणे मात्र शिष्टसंमत नाही. एक चुकीची टाळी नर्तकाच्या पायांखालची लय बिघडवू शकते. दाद द्यावी ती आपल्याकडच्या मैफिलीप्रमाणे, जागा साधली गेल्यावर शब्दाने. तेथे त्यासाठी ‘ओले’ आहे, आणि तीही हळू आवाजात चालते. साथीला ज्या लाकडी खोक्यावर बसून ते वाजवले जाते, ते ‘काहोन’ मुळात पेरूमधले. १९७० च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसिया यांनी ते तेथून आणले आणि आता त्याशिवाय बैठक पूर्ण होत नाही.

फ्लामेंको कथकमधूनच निघाले असे ऐकतो. ते खरे आहे का?

इतके सरळ विधान करता येणार नाही. रोमानी लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र या दोन्हींतून दिसते. स्पेनमध्ये त्यांची नोंद पंधराव्या शतकापासून मिळते. परंतु फ्लामेंकोला आजचे रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आंदालुसियामध्ये, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागात आले. त्यात रोमानी गायकांचा वाटा मोठा असला तरी स्थानिक लोकगीते, अरबी-मूर काळाचा वारसा आणि नंतर अमेरिकेतून परतलेले ताल हे सर्व मिसळले आहे. कथकनेही आपले आजचे रूप बऱ्याच नंतर घेतले. दोन्हींत पायांचे काम आहे म्हणून एकाला दुसऱ्याची आई ठरवणे घाईचे होईल.

तबला शिकलेल्यांना मात्र एक गोष्ट निश्चित रंजक वाटेल. ‘बुलेरिया’ आणि ‘सोलेआ’ या फ्लामेंकोच्या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते. आपल्या एकतालातही मात्रा बाराच, पण त्या दोन-दोनच्या सहा विभागांत वाटलेल्या. फ्लामेंकोत वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर पडते, म्हणजे आधी तिनाचे दोन आणि मग दोनाचे तीन गट. हातावर मोजून पाहिल्यास पहिल्या काही आवर्तनांत तोल हमखास जातो. निघण्यापूर्वीच्या बैठकीत आम्ही याचा थोडा सराव करून घेतो.

फ्लामेंकोखेरीज दुसरे संगीत ऐकायला मिळते का?

बार्सिलोनामधील पलाऊ दे ला मुसिका कातालाना या सभागृहात त्या आठवड्यात असलेला एखादा कार्यक्रम आपण ऐकतो. लुईस दोमेनेक इ मोन्तानेर यांनी बांधलेले हे सभागृह १९०८ साली एका गायकवृंदासाठी उभे राहिले आणि छताच्या मध्यभागी रंगीत काचेचा प्रचंड थेंब खाली झुकलेला असल्याने दिवसाच्या कार्यक्रमाला दिव्यांची फारशी गरज भासत नाही. गिटारप्रेमींसाठी ग्रानादातील गिटार घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत फेरी असते. आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार ज्यांनी निश्चित केला ते आन्तोनियो दे तोरेस शेजारच्या आल्मेरियाचे. जोआकिन रोद्रिगो यांची ‘आरांखुएझ’ ही गिटार आणि वाद्यवृंदाची रचना निघण्यापूर्वी एकदा ऐकून यावी. बालपणीच दृष्टी गेलेल्या रोद्रिगो यांनी ती १९३९ मध्ये लिहिली.

बार्सिलोनात गाउदीशिवाय काय पाहतो?

वास्तुकार गाउदी अर्थातच आहे. त्याच्या साग्रादा फामिलिया या चर्चचे काम १८८२ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी ते त्याच्याकडे आले आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू झाल्यावरही चालूच राहिले. पूर्वेकडील काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडील लाल-केशरी आहेत, त्यामुळे आम्ही दुपार कलल्यानंतरची वेळ घेतो. तेव्हा झाडांसारख्या फांद्या फुटलेल्या खांबांवर तांबूस उजेड पसरतो.

पण आमच्या मते बार्सिलोनाचा खरा ठेवा मोंझुइक टेकडीवरील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे, आणि सहलींच्या गाड्या तेथे थांबत नाहीत. पिरेनीज पर्वतातील लहान लहान चर्चमधील अकराव्या-बाराव्या शतकांतील भित्तिचित्रे परदेशी संग्राहकांना विकली जाऊ लागली, तेव्हा उरलेली वाचवण्यासाठी १९१९ ते १९२३ या काळात ती बार्सिलोनाला आणण्यात आली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, वाळल्यावर कापड सोलून काढायचे म्हणजे रंगाचा पातळ थर त्याबरोबर निघून येतो, आणि मग तो नव्या पृष्ठभागावर चढवायचा, अशी ती पद्धत. संग्रहालयात चर्चच्या अर्धगोल भिंतींच्याच आकाराचे सांगाडे बांधून चित्रे त्यावर बसवली आहेत. ताउलच्या सान्त क्लिमेन्त चर्चमधील, ११२३ च्या सुमाराचा, मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्त पाहिल्यावर पिकासो आणि मिरो या चित्रांच्या प्रेमात का पडले, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बैलांच्या झुंजी पाहायला नेता का?

नाही. हा विषय स्पेनमध्येच वादाचा आहे. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालुनियाच्या संसदेने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली आणि २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द ठरवली. गोया आणि पिकासो यांच्या चित्रांत झुंजी भेटतातच, तेवढ्यावर भागवावे.

शाकाहारी व्यक्तींची उपासमार होईल का?

होणार नाही, पण सावध राहावे लागेल. ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास ताटात मासा किंवा हामोन, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे काप, येण्याची शक्यता बरीच असते, कारण अनेकांच्या लेखी ‘मांस’ या शब्दात ते धरलेले नसते. साध्या सॅलडवर ट्यूना येतो. कोर्दोबाच्या साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट थंड सुपावर उकडलेल्या अंड्याबरोबर हामोनचे तुकडे पेरलेले असतात. आणि भाजीचे सूप हाडांच्या रसात शिजलेले असू शकते. बटाटे आणि मासे एकाच तेलात तळले जाणेही सर्रास आहे. बाजारात आणि बारमध्ये छताला टांगलेल्या तंगड्या दिसणार, त्याची मनाची तयारी ठेवावी. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांसाशिवाय, हामोनशिवाय, माशाशिवाय) हे तीन शब्दप्रयोग पाठ करावेत. आम्ही प्रत्येकाला स्पॅनिशमध्ये छापलेले कार्डही देतो.

आता खाण्याजोगे काय, ते सांगतो. गास्पाचो हे टोमॅटोचे थंड सूप, टोमॅटो चोळलेला आणि ऑलिव्हचे तेल घातलेला पाव, जाड मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या (त्यांतली एखादीच तिखट निघते), सेव्हिलचे पालक-हरभरा, तिखट सॉस घातलेले तळलेल्या बटाट्याचे ‘ब्राव्हास’, बदाम-लसणाचे पांढरे थंड सूप, आणि आंदालुसियात सर्वत्र मिळणारे तळलेल्या वांग्याचे काप, ज्यांवर उसाची काकवी सोडलेली असते. अरबांनी ग्रानादाच्या किनाऱ्यावर ऊस आणला, त्याची ही आठवण. ग्रानादात पेयाबरोबर एक छोटी बशी फुकट येते. ती काय असेल हे स्वयंपाकघर ठरवते, म्हणून शाकाहारी असल्याचे पेय मागवतानाच सांगावे.

जैन जेवण, अंडे न खाणारे आणि उपवास यांची सोय होते का?

अंड्याशिवाय जेवण सहज मिळते. ‘तोर्तिया’ म्हणजे अंडे-बटाट्याचा जाड थर, मेक्सिकोची पोळी नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य असणाऱ्यांसाठी पर्याय फार कमी उरतात आणि आम्ही स्वयंपाकी सोबत नेत नाही. पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून मिळणारे, दूध साकळवणारे द्रव्य) असते. नाताळाकडचे पोल्व्होरोन आणि मायोर्काची एन्साइमादा या गोड पदार्थांत डुकराची चरबी असते, हे दिसण्यावरून कळत नाही. उपवासाच्या दिवशी फळे, बदाम, अक्रोड आणि दूध मुबलक मिळते.

जेवणाच्या वेळा इतक्या उशिरा का?

दुपारचे जेवण दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर, हा तेथील शिरस्ता आहे. भौगोलिकदृष्ट्या स्पेन लंडनच्या वेळेत बसते, पण १९४० पासून घड्याळ मध्य युरोपाचे आहे, त्यामुळे सूर्यही उशिराच मावळतो. रात्री आठला जेवणाचा आग्रह धरला तर फक्त पर्यटकांसाठी चालणाऱ्या खानावळीच उघड्या मिळतात. मधुमेह असणाऱ्यांनी सहा वाजता काहीतरी खाऊन घ्यावे. आठवड्याच्या दिवशी दुपारी मिळणारे ‘मेनू देल दिया’ हे ठरावीक किमतीचे पूर्ण जेवण चवीला आणि खिशाला दोन्हींना परवडते. दौऱ्यातील मुख्य जेवण आम्ही तेच ठेवतो.

पाएया कुठे खातो?

पाएया हा भाताचा पदार्थ मूळचा व्हॅलेन्सियाचा आणि दुपारी खाण्याचा. मूळ प्रकारात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि मोठे पांढरे वाल असतात. सागरी जिन्नस घातलेला प्रकार वेगळा. भात पसरट कढईत एकदा पसरल्यावर ढवळत नाहीत, म्हणून तळाशी केशरी खरपुडी धरते आणि ती खरवडण्यासाठी टेबलावर भांडणे होतात. रस्त्यावरच्या फलकावर छायाचित्रासह झळकणारी पाएया बहुधा गोठवलेली असते. आपण बार्सिलोनात आधी सांगून, मागणीनुसार शिजवून देणाऱ्या ठिकाणी जातो. भाज्यांची पाएया वेगळ्या कढईत आणि भाज्यांच्याच रसात करण्याची सूचना आधी दिलेली असते.

घरून खाद्यपदार्थ नेता येतात का?

चिवडा, चकली, कोरड्या चटण्या, मेतकूट चालते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी आणि श्रीखंड सामानात ठेवू नये. हॉटेलच्या खोलीत विजेच्या शेगडीवर काही शिजवू नये; धुराच्या सूचकाने एकदा बोंब मारली की संपूर्ण इमारत रिकामी करतात.

ज्येष्ठ नागरिकांना जमेल का?

रोज पाच-सहा किलोमीटर, तेही दगडी फरशांवर, सावकाश चालता येत असेल तर जमेल. अल्हाम्ब्राच्या दिवशी चालणे सर्वाधिक असते. रेल्वे स्थानकावर हमाल नसतात. वेगवान रेल्वेत चढण्यापूर्वी सामान तपासले जाते आणि बॅग स्वतःच चढवावी लागते, म्हणून एकच मध्यम आकाराची बॅग आणावी. गुडघ्याचे दुखणे लपवून येऊ नये; आधी सांगितल्यास टॅक्सीची व्यवस्था करता येते.

व्हिसा आणि विमा कोण पाहते?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कागदपत्रे तपासून अर्ज भरण्यास आम्ही मदत करतो, पण बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते आणि निर्णय सर्वस्वी दूतावासाचा असतो. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत दिलेले असावे. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण आवश्यक आहे. पूर्वीपासूनचे आजार विमा कंपनीला लेखी कळवावेत.

शुल्कात काय धरलेले नाही?

विमान, हॉटेल, न्याहारी, कार्यक्रमपत्रिकेतील प्रवेशतिकिटे, दोन्ही फ्लामेंको बैठका आणि दुपारची जेवणे धरलेली आहेत. रात्रीची जेवणे मुद्दाम धरलेली नाहीत, कारण संध्याकाळी तीन बारमध्ये एकेक बशी खात फिरणे हाच तापासचा, म्हणजे या छोट्या बशांतल्या पदार्थांचा, खरा आनंद आहे आणि तो चाळीस खुर्च्यांच्या राखीव टेबलावर मिळत नाही. मद्य, व्हिसा शुल्क आणि वैयक्तिक खर्च वेगळा. परदेश दौऱ्यावर कापला जाणारा टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो.

सुरक्षिततेबद्दल काय काळजी घ्यावी?

हिंसक गुन्हे क्वचित, खिसेकापू भरपूर. बार्सिलोनाची मेट्रो आणि रांब्ला हा गजबजलेला रस्ता या दोन ठिकाणी मोबाइल टेबलावर ठेवू नये आणि पाठपिशवी पुढे घ्यावी. एकट्या येणाऱ्या स्त्रिया आमच्या गटात नेहमीच असतात. रात्री अकरालाही रस्त्यावर आजी-आजोबा नातवंडांसह फिरताना दिसतात.

भेट म्हणून काय आणावे?

ला मांचाचे केशर, ला व्हेराची धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड आणि हाएनचे ऑलिव्ह तेल. तेलाचा डबा चेक-इन सामानातच जातो. सेव्हिलच्या त्रियाना भागातील हाताने रंगवलेल्या फरशा सुंदर असतात, पण जड असतात. दोनच्या वर घेऊ नयेत.

नाव नोंदवल्यानंतर रद्द करावे लागले तर?

अल्हाम्ब्राचे तिकीट दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही आणि रेल्वे व विमानाच्या गट-तिकिटांचे नियम कडक असतात. त्यामुळे ती काढण्यापूर्वी कळवल्यास नोंदणी शुल्क वगळून उर्वरित रक्कम परत मिळते. त्यानंतर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा केला जातो आणि त्याच्या पावत्या दिल्या जातात. तिकिटे काढण्याची तारीख प्रत्येक गटाला लेखी कळवली जाते. रद्द करण्याचा विचार असल्यास त्या तारखेच्या आत ई-मेलने कळवावे, दूरध्वनीवरील निरोप ग्राह्य धरला जात नाही.